भोंगा दोनदा वाजला तर

मित्रांनो, मी एक जुनी गारखोली आहे. नाव ऐकून गोंधळू नका. तुमच्या घरच्या फ्रीजमध्ये बर्फाचा एक कप्पा असतो ना, तो मनातल्या मनात एवढा मोठा करा की त्यात दोन माणसं उभी राहून फळ्यांवर डबे लावू शकतील. ती मी. दुकानदार मला वॉक-इन फ्रीझर म्हणतात, मिस्त्री लोक कोल्ड रूम म्हणतात. गारखोली हे नाव मला काकूंनी दिलं, आणि मला तेच आवडतं.

मी जन्मले तेव्हा खोली नव्हतेच. पत्र्याच्या दोन थरांमध्ये फोम भरून केलेल्या वीतभर जाडीच्या भिंती, एक दार, एक छप्पर आणि खोक्यात बांधलेली यंत्रं, एवढंच माझं भांडवल. एका ट्रकमधून मला या आइस्क्रीमच्या छोट्या कारखान्यात आणलं. मिस्त्रींनी भिंतीला भिंत जोडली, दार बसवलं, आत पंखे आणि गारवा देणाऱ्या नळ्यांचं वेटोळं, म्हणजे कॉइल, टांगलं, बाहेर मागच्या अंगणात कॉम्प्रेसर ठेवला. मग त्यांनी बटण दाबलं आणि माझ्या पोटात पहिल्यांदा गारवा उतरला. दारावरचा आकडा उतरत उतरत उणे अठरावर आला तेव्हा सगळे टाळ्या वाजवत होते. काकूंनी आत पाऊल टाकलं, दोन्ही दंड चोळले आणि म्हणाल्या, "बाई बाई, काय ही गारखोली." तेच नाव पडलं.

कारखाना काका-काकूंचा. काका पुढच्या दुकानात बसायचे, गिऱ्हाइकांशी बोलायचे, ऑर्डरी घ्यायचे. मागे काकूंचं राज्य होतं. दूध आटवणं, स्ट्रॉबेरीचा गर काढणं, मिश्रण यंत्रात घालणं आणि तयार डबे माझ्याकडे आणणं, हे सगळं त्या बघायच्या. त्यांच्या हाताखाली मावशी होत्या. मावशी म्हणजे अंगाने बारीक आणि जिभेने भारी. त्या मोठ्या पातेल्यांशीसुद्धा भांडायच्या.

मित्रांनो, माझ्यासारखीला काय लागतं ते काकूंना कोणी शिकवलं नव्हतं, पण त्यांनी ते बघून बघून ओळखलं. माझ्या दाराला चारी बाजूंनी रबर आहे. ते दार चौकटीला घट्ट धरून ठेवतं, म्हणून बाहेरची दमट हवा आत येत नाही. ती आली की तिचा बर्फ होतो, आणि बर्फ पसरायला लागला की माझं काही खरं नाही. काकू रोज सकाळी कोमट पाण्यात साबण घालून ते रबर पुसायच्या. कानाकोपऱ्यात चिकटलेली साखर, दुधाचे थेंब, सगळं काढायच्या. मग कागदाची एक पट्टी दारात धरून दार लावायच्या आणि ती ओढून बघायच्या. पट्टी अडली तर ठीक. सहज निघून आली तर त्या ठिकाणी रबर ढिलं झालं म्हणून समजायचं. मावशी चेष्टा करायच्या, "काकू, एवढं तर मी माझ्या नातवाचं तोंड पुसत नाही."

"नातवाचं पुसलं नाही तर तो रडतो," काकू म्हणायच्या. "ही रडली तर आपल्याला रडावं लागेल."

माझ्या दाराशेजारी एक खुंटी आहे. तिच्यावर काकूंनी एक स्वेटर ठेवला होता. विटकरी रंगाचा, जाड लोकरीचा, त्यांनीच विणलेला. आत जाणाऱ्याने तो घालूनच जायचं, मग तो कोणी का असेना. त्यात थंडीपासून बचाव व्हायचा हे खरं, पण काकूंचा हिशेब दुसराच होता. खुंटी रिकामी दिसली म्हणजे आत माणूस आहे, दाराला हात लावायचा नाही. स्वेटर खुंटीवर असला म्हणजे आत कोणी नाही, दार खुशाल लावा. पाटी नको, कुलूप नको. मावशींना तो स्वेटर गुडघ्यापर्यंत यायचा. "ह्यात माझ्यासारख्या दोघी मावतील," असं पुटपुटत का होईना, पण त्या घालायच्या. स्वेटरखाली रबरी बुटांचा एक जोड असायचा, तोही सगळ्यांचा मिळून एकच.

भोंग्याची गोष्ट मात्र सांगायलाच हवी. एकदा सुट्टीच्या दिवशी कारखाना बंद असताना माझा कॉम्प्रेसर बंद पडला. दुसऱ्या दिवशी दार उघडलं तेव्हा आतलं सगळं आइस्क्रीम पातळ होऊन बसलं होतं. काकूंनी ते गटारात ओतलं आणि त्याच दिवशी सांगितलं, "मला हिच्यावर भोंगा बसवून हवा. आतला गारवा कमी झाला की गल्लीभर ऐकू जाईल असा वाजला पाहिजे."

काका म्हणाले, "आधीच तू आहेस. आणखी एक ओरडणारं कशाला?"

"मी ओरडते ते तुम्ही ऐकत नाही, म्हणून."

भोंगा बसला. आत पंख्याच्या खाली एक बारीक वायर लोंबते. तिच्या टोकाला शेंगदाण्याएवढा सेन्सर आहे. ती माझी नाडी समजा. सेन्सरला जेवढा गारवा लागतो तेवढा आकडा बाहेर दारावर दिसतो, आणि आकडा ठरावीक मर्यादेच्या वर गेला की भोंगा वाजतो. मिस्त्रींनी काकूंना आत नेऊन तो सेन्सर मुठीत धरायला सांगितला. हाताच्या उबेने बाहेरचा आकडा भराभर चढला आणि भोंगा वाजला. काकूंना केवढी मजा वाटली.

त्या मजेतून पुढे एक रीतच पडली. माझ्या पोटात पंखे अखंड चालतात. आतून कितीही हाक मारा, बाहेर ऐकू जात नाही. दार उघडून हाक मारावी तर गारवा निसटतो. एकदा वरच्या फळीवरचा जड पेटारा काकूंना एकटीला उतरवेना. त्यांनी सेन्सर मुठीत धरला. बाहेर भोंगा वाजला आणि काका हातातलं सगळं टाकून धावत आले.

"काय बंद पडलं?"

"काही नाही. पेटारा उचलायचाय."

"अगं, जीव गेला ना माझा."

"मग असं करू," काकू म्हणाल्या. "एकदा वाजला तर बिघाड. धरून, सोडून, पुन्हा धरला म्हणजे दोनदा वाजेल. दोनदा वाजला तर मी."

झालं. तेव्हापासून भोंगा दोनदा वाजला की काका गिऱ्हाइकाला म्हणायचे, "जरा थांबा हं, आतून बोलावणं आलंय." मावशी हात पुसत म्हणायच्या, "जा जा, पेटारा वाट बघतोय." कधीकधी पेटारा नसायचाही. काकूंना नुसतं नव्या मिश्रणाची चव दाखवायची असायची. गारठलेल्या ओठांनी दोघं चमचा चाटत माझ्या फळ्यांमध्ये उभी राहायची आणि साखर जास्त झाली की कमी यावर वाद घालायची. मी पुष्कळ खोल्यांबद्दल ऐकलं आहे, पण एवढी ऊब असलेली गारखोली दुसरी असेल असं मला वाटत नाही.

मग काकू आजारी पडल्या. आधी त्या उशिरा यायला लागल्या, मग अधूनमधून, मग आल्याच नाहीत. एक दिवस कारखाना बंद राहिला. तो पुन्हा उघडला तेव्हा काका एकटे आले.

काकूंचा स्वेटर त्यांच्या हातात होता. दवाखान्यात थंडी वाजते म्हणून काकूंनी तो मागवून घेतला होता. काकांनी तो खुंटीवर टांगला, बाह्या सरळ केल्या आणि मावशींना म्हणाले, "ह्याला आता कोणी हात लावायचा नाही."

मावशींनी खालचे रबरी बूट जोडून ठेवले.

मला काकांचा राग आला नाही. त्यांना तो स्वेटर तिथे दिसायला हवा होता. पुढून मागे येताना त्यांची नजर आधी खुंटीकडे जायची. पण मित्रांनो, त्या दिवसापासून जो तो आपापला कोट नाहीतर शाल घालून आत जायला लागला. स्वेटर खुंटीवरच राहिला. आत माणूस असला तरी स्वेटर खुंटीवर, नसला तरी खुंटीवर. स्वेटरबरोबर काकूंचा नियमही तिथे अडकून पडला, हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

माझ्याकडेही कोणाचं लक्ष राहिलं नाही. रबर पुसणं थांबलं. खालच्या कोपऱ्यात ते आधी कडक झालं, मग चिरलं. त्या फटीतून दमट हवा आत यायला लागली. उंबऱ्याशी बर्फाचा उंचवटा तयार झाला. बर्फ वितळल्यावर ज्या नळीतून पाणी बाहेर जायचं तिला ऊब देणारी तार जळली, त्यामुळे नळीतच बर्फ बसला. कॉइलवर बर्फाची पांढरी गोधडी चढली आणि पंखे तिच्यातून वारा ओढता ओढता धापा टाकायला लागले. उणे अठराची मी, उणे बारावर कशीबशी टिकून होते. दुपारच्या उन्हात भोंगा वाजायचा. मावशी यायच्या, बटण दाबून त्याला गप्प करायच्या आणि जायच्या. पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या भोंग्याला कोण विचारतं?

काका-काकूंची मुलगी दोन गल्ल्या पलीकडे राहते. सगळे तिला ताई म्हणतात. आई गेल्यावर गाडीतून माल पोचवायचं काम तिने आपल्याकडे घेतलं. ती काकांना सारखी सांगायची, "बाबा, मिस्त्रींना बोलवा. बर्फ बघा केवढा झालाय."

"बघू पुढच्या आठवड्यात."

"पुढचा आठवडा कधीचा चाललाय? ही खोली म्हातारी झालीय. दुरुस्त तरी करा, नाहीतर काढून तरी टाका."

काका तिच्याकडे न बघता म्हणाले, "म्हातारं झालं की काढून टाकायचं?"

"तसं नाही म्हणाले मी," ताई म्हणाली, आणि विषय तिथेच थांबला.

उंबऱ्यावरच्या बर्फामुळे माझं दार नीट लागेना. लावलं तरी हळूच उघडायचं. तेव्हा या घरच्या माणसांनीच एक उपाय शोधला. बाहेरच्या कडीत त्यांनी लोखंडी गज अडकवायला सुरुवात केली. दाराला खांदा लावायचा, गज सरकवायचा, दार घट्ट. सगळ्यांना ते फार सोयीचं वाटलं. माझ्या दाराला आतून एक मूठ आहे. चुकून कोणी आत अडकलं तर ती ढकलून दार उघडावं म्हणून ती असते. बाहेर गज असला की त्या मुठीचा काही उपयोग नाही. हे मला ठाऊक होतं. पण मला तोंड कुठे आहे?

तो दिवस भयंकर उन्हाचा होता. एका लग्नाची मोठी ऑर्डर दुसऱ्या दिवशी जायची होती आणि माझं पोट डब्यांनी गच्च भरलं होतं. काका त्या दुपारी कधी नव्हे ते स्वतःहून उठले. उंबऱ्यावरचा बर्फ आपणच फोडून काढावा असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी आपला जुना कोट चढवला, हातमोजे आणि रबरी बूट घातले, हातोडी आणि पेचकस घेतला आणि दार थोडं उघडं ठेवून आत आले. आधी कॉइल बघावं म्हणून ते मागच्या भिंतीपाशी गेले.

तेवढ्यात फोनवर कोणाशी तरी बोलत ताई आली. तिला माझं दार उघडं दिसलं. तिने खुंटीकडे पाहिलं. स्वेटर होता. लहानपणापासून आईने शिकवलेलं तिच्या डोळ्यांत पक्कं बसलेलं होतं, स्वेटर आहे म्हणजे आत कोणी नाही. खुंटीखाली बूट नव्हते, पण खाली कोण बघतं? तिने फोन मानेत धरला, "मावशी, दार परत उघडं राहिलंय गं," असं ओरडून सांगितलं, दाराला खांदा लावला आणि गज सरकवला. कोपऱ्यात मावशींचं मिश्रण ढवळण्याचं यंत्र घरघरत होतं. त्यांनी ते ऐकलंही नाही. ताई गाडी घेऊन निघून गेली.

काकांना दार लागल्याचं कळलं तेव्हा ते आधी हसले. "अरे, मी आहे आत," म्हणाले. मग त्यांनी आतली मूठ ढकलली. मूठ हलली, दार हललं नाही. त्यांनी पुन्हा ढकलली. मग हातोडीने दारावर ठोकलं. मित्रांनो, गारवा बाहेर जाऊ नये म्हणून माझ्या भिंती जाड केल्या आहेत. त्याच भिंतींनी तो आवाज गिळून टाकला. त्या दिवशी मला माझ्या घट्टपणाची लाज वाटली. आयुष्यभर ज्याच्यासाठी सगळ्यांनी माझं कौतुक केलं तेच माझ्या माणसाच्या जिवावर उठलं होतं.

मी थांबू शकत नव्हते. मला थांबवायचं बटण बाहेर होतं. पंखे वारा फेकत राहिले. काकांच्या भुवयांवर पांढरं दिसायला लागलं. ते ठोकून ठोकून दमले आणि एका पेटाऱ्यावर बसले. मला सगळ्यात जास्त भीती वाटली ती त्यांच्या बसण्याची. काकू गेल्यापासून ते कुठेही बसले की उठायचा कंटाळा करायचे. पुढच्या दुकानात गिऱ्हाईक समोर उभं असलं तरी बसून राहायचे. आता इथे बसून राहिले तर?

बऱ्याच वेळाने ते काकूंशी बोलावं तसं बोलले. "काय केलं असतंस गं तू आता?"

मान वर करून त्यांनी माझ्याकडे, म्हणजे वरच्या कॉइलकडे पाहिलं. आणि त्यांना ती वायर दिसली.

ते उठले. मी सांगते, मला आजवर कोणाच्या उठण्याचा एवढा आनंद झाला नाही.

सेन्सर बर्फात रुतला होता. काकांनी पेचकस उचलला, पण तो मारायच्या आधी थांबले. कॉइलच्या पाइपला टोचलं तर गॅस निघून जाईल, असं मिस्त्री नेहमी बजावायचे. त्यांनी पेचकस खाली ठेवला, हातमोजा काढला आणि उघडा तळवा त्या बर्फावर दाबून धरला. तळवा लाल झाला, मग पांढरा. त्यांनी तो काखेत घालून गरम केला आणि पुन्हा दाबला. असं करत करत सेन्सर सुटला. त्यांनी तो मुठीत घेतला आणि मूठ कोटाच्या आत, काखेत धरली.

बाहेर आकडा चढला. भोंगा वाजला.

मावशींनी यंत्र बंद केलं, हात न पुसताच आल्या. "झालं सुरू. ऊन वाढलं की रडतोय नुसता," असं म्हणून त्यांनी बटण दाबलं. भोंगा गप्प झाला. मावशी पाठ फिरवून गेल्या आणि यंत्र पुन्हा घरघरायला लागलं. काकांना यातलं काही ऐकू गेलं नव्हतं. भोंगा वाजला की नाही, कोणी आलं की नाही, काहीच त्यांना कळायला मार्ग नव्हता. त्यांनी फक्त काकूंची रीत पाळली. मूठ उघडली, सेन्सर पंख्याच्या वाऱ्यात सोडला. आकडा खाली आला. मग त्यांनी तो पुन्हा धरला.

भोंगा दुसऱ्यांदा वाजला.

मावशी वैतागून आल्या. त्यांचं ओलं बोट बटणाजवळ पोचलं, आणि तिथेच थांबलं. त्या आकड्याकडे बघत होत्या. बिघाडात आकडा कसा चढतो ते त्यांनी इतके दिवस पाहिलं होतं. रेंगाळत, एकेक घर, तासभर घेत. हा पळत सुटला होता. उणे सहा, उणे दोन, आणि मग उण्याची खूणच गेली. असा आकडा फक्त एका माणसाच्या मुठीत चढायचा.

"काकू?" मावशी हळूच म्हणाल्या.

मग त्यांनी खुंटीकडे पाहिलं. स्वेटर होता. खाली पाहिलं. बूट नव्हते.

गज त्यांनी असा ओढला की तो हातातून सुटून पार मोरीपर्यंत गेला. दार उघडलं. माझ्यातून पांढरी वाफ बाहेर लोटली आणि तिच्यामागे काका उभे होते, एक हात काखेत, भुवया पिकल्यासारख्या.

"काका, अहो, आत काय करताय?"

काकांचे ओठ नीट हलत नव्हते. ते म्हणाले, "पेटारा... उचलायचाय."

मावशींना हसावं की रडावं ते कळेना. त्यांनी दोन्ही केलं. काकांना धरून बाहेर आणलं, स्टुलावर बसवलं आणि खुंटीवरचा स्वेटर ओढून काढला.

"त्याला हात—" काका म्हणायला लागले.

"गप्प बसा. तो घालायलाच विणलाय," असं म्हणून मावशींनी त्यांच्या डोक्यातून तो घातला, लहान मुलाला घालतात तसा, बाह्यांत हात कोंबून. मग कोमट पाणी आणलं, चहा टाकला आणि दूध ओतता ओतता जगातल्या सगळ्या दारांना, गजांना आणि मिस्त्रींना शिव्या दिल्या. काका स्वेटरच्या बाहीत नाक खुपसून बसले होते. बराच वेळ त्यांनी तोंड वर काढलं नाही. मावशींनीही मुद्दाम तिकडे पाहिलं नाही.

ताई परत आली, तिने खुंटी रिकामी पाहिली आणि दारातच थबकली. मग बापाच्या अंगात तो स्वेटर पाहिला. काय झालं ते मावशींनी सांगितलं. ताई उंबऱ्यावर बसली.

"मीच लावलं दार, बाबा. मी लावलं."

"तू बरोबर केलंस," काका म्हणाले. "स्वेटर खुंटीवर होता ना? आईने शिकवलं तेच केलंस. स्वेटर मी अडकवून ठेवला होता."

ताई त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडली. काका तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले. तळव्याला झोंबत असणार, तरी हात थांबला नाही. मग म्हणाले, "फोन लाव मिस्त्रींना. आजच बोलाव."

मिस्त्री संध्याकाळच्या आत आले. ते ऐन उन्हाळ्यातही कानटोपी घालून फिरतात. आयुष्य गारठ्यात गेलं म्हणून आता कानांना वारा सोसत नाही, असं ते सांगतात. त्यांनी माझ्या दारातूनच आत पाहिलं आणि म्हणाले, "काका, आइस्क्रीम बनवता बनवता डोंगर कधीपासून बनवायला लागलात?"

"तुम्ही येत नाही म्हणून," मावशी म्हणाल्या.

"बोलावलंत कधी?"

काका म्हणाले, "चूक माझी आहे. तुम्ही फक्त सांगा, ही वाचेल का?"

हा प्रश्न ऐकून माझे पंखे क्षणभर थांबल्यासारखे झाले. मिस्त्रींनी भिंती ठोकून पाहिल्या, कॉम्प्रेसरला हात लावून त्याची थरथर पाहिली, गॅस तपासला. "हिला काय धाड भरलीय?" ते म्हणाले. "काळीज ठणठणीत आहे. हाल तुम्ही केलेत."

मी सुटकेचा श्वास सोडला. खरंच सोडला. त्यांनी मग मला बंद केलं ना, तेव्हा माझ्यातून जो लांब सुस्कारा निघाला तो सगळ्यांनी ऐकला.

डबे शेजारच्या बेकरीवाल्याच्या फ्रीझरमध्ये हलवले. दुसऱ्या दिवशीचं लग्न होतं ना, एकही डबा वितळून चालणार नव्हता. एवढा माल कुठे मावणार म्हणून बेकरीवाला आधी कपाळाला हात लावून उभा राहिला, मग त्याने आपला पाव बाहेर काढून जागा केली. मिस्त्रींनी माझ्यावरचा बर्फ ठोकला नाही, फोडला नाही. दार उघडं टाकून, पाण्याची बारीक धार सोडून हळूहळू वितळवला. मग नळी मोकळी केली, जळलेली तार बदलली, कॉइल धुतलं, दाराला चारी बाजूंनी नवं रबर बसवलं. आतल्या मुठीला तेल देऊन ती दहादा ढकलून पाहिली, आणि मावशींना आत उभं करून दार लावून पुन्हा पाहिली. मावशी बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "आत गेले तेव्हा काळी होते, बाहेर आले तर पांढरी झालेय का बघा."

शेवटी मिस्त्रींना मोरीत पडलेला तो गज दिसला. त्यांनी तो हातात तोलून पाहिला. "हा कोणाचा शोध?"

मावशींनी घाईघाईने चहाचे कप गोळा केले.

"दार लागत नसेल तर दार दुरुस्त करायचं. दाराला कैदखाना करायचा नाही," ते म्हणाले आणि गज आपल्या पिशवीत टाकून घेऊन गेले. जाताना दाराशी थांबून त्यांनी विचारलं, "आधी रबर कोण पुसायचं? जुनं इतकी वर्षं टिकलं होतं."

"आई," ताई म्हणाली.

"आणि आता?"

"मी," काका म्हणाले.

त्या रात्री माझा आकडा पुन्हा उणे अठरावर उतरला आणि तिथे शांत उभा राहिला. लग्नाचं आइस्क्रीम दगडासारखं घट्ट गेलं. नवरीकडच्यांनी स्ट्रॉबेरीचा आणखी एक डबा मागितला, असं ताई सांगत होती.

मित्रांनो, आता रोज सकाळी काका कोमट पाणी घेऊन माझ्या दाराशी बसतात. त्यांचा हात काकूंएवढा हलका नाही. कोपरे विसरतात, मग मावशी बोट दाखवतात. पण कागदाची पट्टी ते न चुकता ओढून बघतात, आणि ती अडली की "हं" म्हणतात. तेवढं ऐकलं की माझा दिवस चांगला जातो. स्वेटरच्या कोपराला भोक पडलं होतं, ते मावशींनी भलत्याच रंगाच्या लोकरीने रफू केलंय. आता तो सगळे घालतात. त्याला दुधाचे डाग पडतात, तो धुतला जातो, मागच्या अंगणात कॉम्प्रेसरच्या गरम वाऱ्यावर वाळतो. पहिल्यांदा धुवायला काढला तेव्हा काका त्याच्याजवळ थोडा वेळ उभे राहिले. मग त्यांनीच तो पिळला.

मी म्हातारी यंत्रखोली, तुम्हाला काय शिकवणार? पण एवढं ऐका. तुमच्या घरातलं एखादं यंत्र वेगळा आवाज करायला लागलं, तर त्याचं तोंड दाबू नका. त्याला काय होतंय ते आधी बघा. त्याची जी लहानसहान देखभाल असते ती पुढच्या आठवड्यावर टाकू नका. आणि घरातलं एखादं माणूस गेलं, तर त्याच्या वस्तू जपा, पण वापरून जपा. त्याने ज्या कामासाठी ती वस्तू केली ते काम तिला करू द्या.

कालचीच गोष्ट सांगते. दुपारी दुकानात गर्दी होती. ताई गिऱ्हाइकाला सुटे पैसे देत होती आणि माझा भोंगा वाजला. तिचा हात थांबला. क्षणभराने तो पुन्हा वाजला. ताई मागे आली, तिने रिकामी खुंटी पाहिली, आणि हसत माझं दार उघडलं.

"काय बाबा, पेटारा?"

"नाही," आतून काका म्हणाले. त्यांच्या अंगात विटकरी स्वेटर होता आणि हातात चमचा. "जरा चाखून बघ. साखर जास्त झालीय का?"

ताईने चाखलं. "झालीय."

"तुझ्या आईसारखीच आहेस," काका म्हणाले. "मुळीच जास्त नाही."

दोघं तिथेच वाद घालत उभी राहिली, आणि माझं दार उघडंच राहिलं. गारवा भराभर बाहेर चालला होता. मी थोडा वेळ चालवून घेतलं.